गिरणी चालू असताना

माझा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. उजाडता उजाडता निघतो, भिवपुरीच्या आसपासच्या गावांतली पोरं गोळा करतो आणि कर्जतला नेऊन सोडतो. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी आमची स्वतःची मुलगी मात्र त्या व्हॅनमध्ये बसत नव्हती. ओट्यावर उभी राहून ती बापाला हात करायची आणि आत येऊन चहात चपाती बुडवून खात बसायची.

गावात बोलणं होणारच. "गावभरच्या पोरांना शाळेत पोचवतो न् सोताची पोर घरात," असं लोक त्याला तोंडावर हसून म्हणायचे. तोही हसायचा. घरी आल्यावर मात्र हातपाय धुऊन गप्पच बसायचा, आणि मला कळायचं की आज पुन्हा कोणीतरी विचारलं.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. घरात ती अखंड बोलायची. माझ्याशी, बापाशी, आजोबांशी, मांजराशी. पण उंबरा ओलांडला की तिचा आवाज बंद व्हायचा. दुकानात बिस्किटाचा पुडा मागता यायचा नाही, बोटाने दाखवायची. माझ्या माहेरी, चौक गावाजवळ, सख्ख्या मामाने हाक मारली तरी माझ्या पदराआड तोंड लपवायची. लहान आहे, बुजते, बोलेल हळूहळू, असं म्हणत चौथी संपत आली.

शाळेत बाईंनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. बाई चांगल्या होत्या. पण भरल्या वर्गात एक मूल विचारलेल्या कशालाच उत्तर देत नाही, हजेरीला सुद्धा 'हजर' म्हणत नाही, म्हटल्यावर त्या तरी काय करणार? त्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी माझा नवरा मुलांना घ्यायला गेला, तेव्हा आमची पोर सगळ्यांच्या शेवटी, दप्तर मागे धरून बाहेर आली. फ्रॉक ओला होता. बाथरूमला जाऊ का, एवढं विचारता आलं नव्हतं म्हणून. व्हॅनमधल्या मुलांनी नाकं दाबली. नवऱ्याने स्वतःचा शर्ट काढून तिला गुंडाळला आणि बनियनवर व्हॅन चालवत सगळ्या पोरांना घरोघर सोडून आला. त्या दिवशी तिने घरातही तोंड उघडलं नाही.

मग आम्ही तिला पनवेलला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी समजावून सांगितलं, "ती हट्टाने गप्प बसत नाहीये. ती भीती आहे. शब्द गळ्यापर्यंत येतात आणि तिथेच अडतात. ओढून काढायला जाल तर आणखी आत जातील." शाळा सोडवा असं त्या म्हणाल्या नाहीत, हेही सांगायला हवं. तो निर्णय आमचा. एक वर्ष घरी शिकवू, तिला जरा श्वास घेऊ दे, पुढचं पुढे बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

सासऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. "शाळेत नाय बोलत म्हनून शाळाच बंद? मंग ती बोलायला शिकंल कुटं, चुलीपाशी?" ते म्हणाले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात त्यांची बाजू घ्यायला कोणी नव्हतं आणि आमचीही. ते आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पण पावसाळ्याचे ते महिने फार छान गेले. सासऱ्यांची घराला लागूनच भातगिरणी आहे. पत्र्याची शेड, आत भात भरडायचं मशीन. आसपासच्या गावांतले लोक आपल्या घरचं भात आणून भरडून नेतात. पावसाळ्यात गिरणीला काम नसतं. आठवड्यात एखाददुसरा येतो, तेवढ्यापुरती मोटर चालू होते. मला बाहेरचं काम नव्हतं, लावणीचे दिवस सोडले तर दुपारही मोकळी. सकाळी भाकऱ्या झाल्या की आम्ही दोघी पडवीत बसायचो. मी बी.कॉम. झाले आहे, पण पाचवीचं विज्ञान शिकवायचं म्हणजे मला आदल्या दिवशी वाचून ठेवावं लागायचं. गणित नवरा घ्यायचा. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये त्याला वेळ असायचा. व्हॅन आंब्याखाली लावून, दार उघडं ठेवून, दोघं मागच्या सीटवर अपूर्णांक सोडवत बसायची. आजोबांना ती पेपर वाचून दाखवायची. ते तिचं वाचन मन लावून ऐकायचे, मधेच "काय, काय म्हनलंय? परत वाच," करायचे, आणि वर मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "वाचती तर झकास. शाळंत गेली अस्ती तर नंबर काढला अस्ता."

मला वाटलं, जमलं आपल्याला.

दसरा झाला. लवकर तयार होणारी हळवी भातं कापून झाली, अंगणाअंगणात वाळायला पडली. आता नव्या भाताच्या गोण्या यायला लागणार, गिरणी सकाळपासून चालणार, हे आम्हाला माहीत होतं. त्यात नवीन काही नव्हतं. दरवर्षी ते सासरे बघायचे. पण नेमकं त्याच सुमाराला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी मात्र बजावलं, धुळीत जायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि गिरणी म्हणजे तर नुसती धूळ. कोंडा उडतो, तूस उडतं, संध्याकाळी भुवया सुद्धा पांढऱ्या होतात.

नवऱ्याची व्हॅन बंद ठेवता येत नव्हती. राहिले मी.

मला मशीन चालवता येत होतं. लग्न होऊन आल्यापासून बघत होते, कधीमधी चालवलंही होतं. पण बघणं वेगळं आणि दिवसभर उभं राहून चालवणं वेगळं. वर भात ओतायचं, तांदळात साळ, म्हणजे न सोललेले दाणे, दिसायला लागली की मशीनचे रबरी रोल आवळायचे, पट्टा सरकतोय का बघायचं, कोणाची गोणी कोणती ते लक्षात ठेवायचं. लोक टेंपोने, मोटरसायकलवर, डोक्यावर, मिळेल तसं भात घेऊन यायचे आणि प्रत्येकाला घाई असायची. मुलीला मी शेडच्या कोपऱ्यात एका लाकडी पेटीवर पुस्तक देऊन बसवलं. "हा धडा वाच, मी येतेच," म्हणायचे. मी काही जायचे नाही. तिच्या पुस्तकावर कोंड्याचा थर बसायचा, तो ती बोटाने पुसून त्यात चित्रं काढायची. दुपारी नवरा यायचा तोवर मीच इतकी दमलेली असायचे की जेवणाचं त्यालाच बघावं लागायचं, आणि मग गणित राहून जायचं.

घरात सासऱ्यांना काळा चष्मा लावून पडून राहायचं. वेळेवर डोळ्यात औषध घालायचं. स्वयंपाक, भांडी, गुरांचं पाणी. आठ-दहा दिवसांत पडवीतली शाळा जणू कधी नव्हतीच.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "आसं नाय चालायचं. तिचं ना धड शिक्षण होतंय, ना तुला धड काम जमतंय. दिवाळीनंतर घालूया परत शाळंत. मी बोलतो बाईंशी."

"आणि परत तसं झालं तर?"

"नाय व्हायचं. मोठी झाली आता."

"सहा महिन्यांत?"

तो वैतागून बाहेर गेला. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कधीही आणा. तिची जागा आहे." त्यांच्या आवाजात खरंच माया होती. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मुलीला मी काही सांगितलं नाही. पण घर लहान, आणि गप्प राहणारी मुलं सगळं ऐकतात. त्या रात्री जेवताना तिने भातात फक्त बोटं फिरवली.

यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. डोंगराखालच्या वाडीवरची एक बाई दर वर्षी आमच्याकडे भात आणते. उंच, सडपातळ, केसांत कायम एखादं रानफूल. डोंगरउतारावर त्यांची थोडी शेती आहे, बाकी ती जंगलातली भाजी, करवंदं असं काय काय भिवपुरी स्टेशनवर विकते. त्या दिवशी ती डोक्यावर गोणी घेऊन आली. गिरणी चालू होती. गिरणीच्या आत कानठळ्या बसतात, शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. मी वर चढून भात ओतत होते. खाली तांदूळ पडतो तिथे ती बाई आपली गोणी धरून उभी होती, पण तोंड दाराकडे, बाहेर कोणाला तरी खुणा करत होती. गोणी भरून तांदूळ बाहेर सांडायला लागला.

मी वरून ओरडले, तिला ऐकू गेलं नाही. आणि मग मी पाहिलं, कोपऱ्यातल्या पेटीवरून माझी मुलगी उठली, बाईच्या जवळ गेली आणि तिने तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला वरून दिसल्या. बाई वळली, "अगं बया" करत तिने गोणी सारली आणि दुसरी लावली. मुलगी परत पेटीवर जाऊन बसली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी शिडीवरून उतरले. त्या बाईच्या कानाशी जाऊन विचारलं, "ती काय म्हणाली तुम्हाला?"

"कोन? पोर? म्हनली, मावशी गोनी भरली. का गं, का झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि पदराने तोंड पुसलं. कोंडा डोळ्यात गेला असं तिला वाटलं असेल.

मुलीला मी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. डॉक्टरबाईंचं सांगणं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण नवऱ्याला सांगितल्याशिवाय कसं राहणार? तो दुपारची फेरी करून आला आणि मी अंगणातच त्याला सांगितलं. तो उभ्या जागी हसायला लागला. मग तसाच व्हॅन वळवून नाक्यावर गेला आणि तिच्या आवडीचे पेढे घेऊन आला. शेजारची दोन माणसं ओट्यावर बसली होती. त्यांच्यासमोरच त्याने पेढ्यांचा बॉक्स उघडला. "बोल बघू यांच्यासमोर पन. नुसतं नाव सांग, मंग पेढा."

तिने पेढ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा बंद झाला की मला बघवेना. आत जाऊन ती आजोबांच्या खाटेमागे बसली. नवरा पेढे हातात घेऊन तसाच उभा. त्याची काय चूक? इतकी वर्षं त्याने वाट पाहिली होती.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "काय सर्कस हाय का रं? पोरीला नाचवतो लोकांपुढं?" मग त्यांनी तिला खाटेवर घेतलं आणि पेपर वाचायला सांगितलं. ती वाचेना. तेव्हा ते म्हणाले, "बरं, नको वाचू. मला पन बोलायचा कटाळाच आलाय." दोघं नुसती पडून राहिली. शाळेत घाला म्हणणारे हेच सासरे होते, म्हणून मला ते फार लक्षात राहिलं.

त्यानंतर बरेच दिवस ती पेटीवरून उठली नाही. मी तिला एकच काम दिलं होतं, गोणी भरत आली की रिकामी गोणी पुढे करायची. त्यात बोलायची गरज नव्हती. दिवाळी आली आणि गेली. शाळेचं नाव नवऱ्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. बाईंचा एकदा फोन आला, मी म्हटलं, "थोडं थांबतो." पुस्तकं मात्र मी पुन्हा सुरू केली, पडवीत नाही, पहाटे चुलीपाशी. भाकऱ्या थापता थापता मी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. एखादा धडा होईल तेवढा होईल. सासऱ्यांचं 'शिकंल कुटं, चुलीपाशी?' मला त्या वेळी आठवायचं आणि हसू यायचं.

मग हळूहळू गोण्यांबरोबर तिचा आवाजही गिरणीत पुढे यायला लागला. मशीन चालू असलं की. "काका, तुमची झाली!" "आजी, मागे सरका!" मला ते फक्त ओठांवरून कळायचं. लोकांना त्यात विशेष काही वाटायचं नाही, कारण तिथे सगळेच ओरडत असायचे. कोणी कोणाचं कान देऊन ऐकत नव्हतं. मोटर बंद केली की तिचंही तोंड बंद. बाहेर अंगणात त्याच काकांनी काही विचारलं तर मान खाली.

वाडीवरची ती बाई कार्तिकात उशिरा पिकणारं गरवं भात घेऊन परत आली. त्या दिवशी गिरणीत गर्दी होती. मी पट्ट्यापाशी होते. मुलगी त्या बाईच्या जवळ उभी राहून तिला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, उत्साहाने. शेडच्या मागे तुसाच्या ढिगाऱ्यात आमच्या मांजरीने पिल्लं घातली होती, तेच सांगत असणार. आणि वीज गेली.

मोटरचा आवाज एकदम बसला. आणि त्या शांततेत माझ्या मुलीचा आवाज, पूर्ण जोराने, सगळ्या शेडभर घुमला, "आणि एक पिल्लू पांढरं हाय!"

सगळे वळून बघायला लागले. गावातले, ज्यांनी तिला जन्मल्यापासून पाहिलं होतं आणि मोटरच्या गोंगाटाबाहेर तिचा आवाज कधी ऐकला नव्हता, ते सगळे. एकाने तर तोंडावर हात नेला. मुलीचा चेहरा लालेलाल झाला. ती दोन पावलं मागे सरकली आणि गोण्यांच्या थप्पीआड गेली. मी जागची हलले नाही. जावं की न जावं, मला समजेना.

ती बाई मात्र वळलीच नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. ती खाली वाकून गोणीचं तोंड बांधत होती आणि तशीच, मान वर न करता म्हणाली, "पांढरं? मंग ते बोका का भाटी?"

बाहेर कोंबडी ओरडत होती. बाईने गाठ आवळली, दोरी दाताने तोडली आणि परत विचारलं, "आँ? बोका का भाटी गं?"

थप्पीमागून आवाज आला, बारीक, पण आला. "अजून कळत नाय."

"डोळं उघडलं का त्यांनी?"

"एकाने उघडले."

"मंग आता हुंदडतील. मला दे एक. घरात उंदीर लय झालेत."

"मम्मीला विचारते," आवाज म्हणाला.

मी तोंड फिरवून पट्ट्याशी काहीतरी करत बसले. पट्ट्याला काहीच झालेलं नव्हतं.

त्या दिवसानंतर सगळं पालटलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या बाईशी ती बोलू लागली, मशीन बंद असतानाही. पांढरं पिल्लू वाडीवर गेलं, आणि त्याचं कसं चाललंय हे विचारायच्या निमित्ताने बोलणं चालू राहिलं. मग शेजारच्या काकूंशी. मग माझ्या भावाशी, आधी फोनवर, मग समोर. प्रत्येक माणसाला महिने लागले. सासऱ्यांचे डोळे बरे झाले, ते गिरणीत परत आले, पण रिकामी गोणी पुढे करायचं काम त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं नाही. नवऱ्याने पुन्हा कधी कोणासमोर तिला बोल म्हटलं नाही. उलट कोणी म्हणालं तर तो विषय बदलायचा, इतक्या सफाईने की मला त्याचं नवल वाटायचं.

एक वर्ष म्हणून घरी ठेवलेली मुलगी पुढची दोन वर्षंही घरीच शिकली, आणि हे चौथं वर्षही घरीच चाललंय. पावसाळ्यात पडवीत आणि भाताच्या दिवसांत चुलीपाशी. काही धडे राहिले, काही दोनदा झाले. वर्षाच्या शेवटी शाळेतल्या बाई स्वतः घरी येऊन तिचे पेपर घ्यायच्या. तोंडी परीक्षेला त्यांनी प्रश्न कागदावर लिहून दिले, तिने उत्तरं लिहून दिली. तिसऱ्या वेळी एका प्रश्नाचं उत्तर ती तोंडाने देऊन मोकळी झाली आणि बाईंनी पेन खाली ठेवलं, इतकंच.

यंदा दसऱ्यानंतर पहिल्या गोण्या आल्या, त्याच सकाळी ती मला म्हणाली की जूनपासून शाळेत जाऊन बघायचं आहे. विज्ञानासाठी. तिथे प्रयोगशाळा आहे, आणि मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवून आम्ल-आम्लारी किती दिवस शिकवणार?

"नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर येईन घरी."

मी हो म्हटलं. तवा तापला होता, मी भाकरी टाकली. ती तव्याकडे बघत म्हणाली, "मम्मी, मी गेले तर सकाळी तुला करमेल ना?"

मी भाकरी उलटली, आणि तिला म्हटलं, पीठ संपत आलंय, डबा घेऊन ये जरा.